एचआयव्ही असलेल्या माणसाला कॉक्लिअर इम्प्लांट बसवता येतं का? (नागपूर)

हो, कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायचं यंत्र, बसवता येतं. केवळ एचआयव्ही आहे म्हणून ही शस्त्रक्रिया टाळायचं कारण नाही, आणि २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने उपचारातल्या भेदभावाला बंदी आहे. डॉक्टर पाहतात ते हे: एआरटी (एचआयव्हीची औषधं) नियमित चालू आहे का, व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) दबलेला आहे का, सीडी-४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) किती. सीडी-४ २०० च्या वर असलेला बरा, शस्त्रक्रियेआधीची लसही मग नीट लागू पडते. नागपूरच्या मेडिकलमध्ये (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात) एआरटी सुरू असेल तर तिथले ताजे रिपोर्ट घेऊनच कान-नाक-घसा विभागात जा. न्यूमोकोकल जिवाणूची लस शस्त्रक्रियेच्या किमान दोन आठवडे आधी घ्याच, कारण इम्प्लांटनंतर मेंदुज्वराचा धोका थोडा वाढतो आणि एचआयव्हीत न्यूमोकोकलचा संसर्ग तसाही जास्त होतो.

बहिरेपण मेंदुज्वरानंतर आलं असेल तर अजिबात थांबू नका. अशा वेळी कॉक्लियात (आतल्या कानाच्या शंखासारख्या भागात) हाड भरत जातं, मग इम्प्लांटची तार, म्हणजे इलेक्ट्रोड, आत सरकत नाही. सीटी आणि एमआरआय लगेच करून घ्या. टीबीच्या स्ट्रेप्टोमायसिन किंवा अमिकासिनच्या इंजेक्शनांनी ऐकू येणं गेलं असेल तर श्रवणाची नस बहुधा शाबूत असते आणि इम्प्लांटचा फायदा चांगला होतो. मात्र क्रिप्टोकोकल (बुरशीमुळे होणाऱ्या) मेंदुज्वरासारख्या आजारात श्रवणाची नसच खराब झाली असेल, तर इम्प्लांट बसवूनही बोलणं स्पष्ट कळेलच असं नाही.