कॅश, कॅशे आणि पेव

अमळनेर तालुक्यातील एका महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत शिकवणाऱ्या बाईंनी विचारले आहे की, लिनक्स या संगणकप्रणालीवर 'ॲप्ट-कॅशर-एनजी' हे साधन (पॅकेजे, म्हणजे प्रोग्रामचे तयार संच, एकदाच उतरवून बाकीच्या यंत्रांना पुरवणारे) बसवण्याच्या आणि काढण्याच्या सूचना मराठीत लिहिताना 'इन्स्टॉल'साठी 'स्थापित करणे' लिहावे की 'बसवणे', 'रिमूव्ह' आणि 'पर्ज' या दोन्हींना 'काढून टाकणे' चालेल का, आणि पुन्हा लागणाऱ्या माहितीच्या हाताशी ठेवलेल्या साठ्यासाठी 'कॅशे' हा शब्द तसाच ठेवावा का.

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण 'कॅशे' ऐकून ऐकून कान किटले आहेत. दुरुस्तीच्या दुकानापासून प्राध्यापकांच्या व्याख्यानापर्यंत सगळीकडे 'कॅशे क्लिअर करा' चालू आहे. 'कॅशे' हा वेगळा शब्द आहे. त्याचा अर्थ मोहोर, शिक्का आणि त्यावरून प्रतिष्ठा. संगणकातल्या शब्दाचा इंग्रजी उच्चार नुसता 'कॅश' होतो. मूळ फ्रेंच क्रियापद 'काशे' असेच उच्चारतात, ही पळवाट मला ठाऊक आहे. परंतु आपण घेतले आहे ते नाम, आणि ते फ्रेंचमध्येही 'काश' आहे.

उच्चार सारखा म्हणून ही कॅश आणि रोख रकमेची कॅश एकच मानणारे, आणि 'चटकन हाताशी येते ती कॅश' अशी व्युत्पत्ती ठोकून देणारेही भेटतात. त्यात तथ्य नाही. रोख रकमेची कॅश लॅटिन 'कॅप्सा' म्हणजे पेटी या शब्दाकडे जाते. आधी गल्ल्याची पेटी आणि मग पेटीतले पैसे, असा तिचा प्रवास आहे. संगणकाची कॅश मात्र 'लपवणे' या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून आली, आणि तिचा प्रवास थेट जमिनीखालून झाला आहे. उत्तर अमेरिकेत सापळे लावून कातड्यांचा व्यापार करणारे फ्रेंचभाषक शिकारी आपली शिधासामग्री आणि कातडी खड्ड्यात पुरून ठेवत व परतताना उकरून घेत. त्या खड्ड्याचे नाव कॅश. १८०५ साली लुइस आणि क्लार्क या अमेरिकी शोधप्रवाशांच्या मोहिमेने मिसुरी नदीच्या खोऱ्यात असेच खड्डे खणले होते, आणि त्यांचा आकार तोंडाशी अरुंद व आत रुंद, असा बाटलीसारखा होता.

आता दादर ज्वारी पिकवणाऱ्या तापीकाठच्या वाचकांना मी वेगळे काय सांगू? हे तर जमिनीत धान्य साठवण्याचे पेव झाले! तोंड माणूस उतरेल एवढेच, आत पोट मोठे, भिंतींना कडब्याचे अस्तर, वर दगड आणि माती. बरेच दिवस बंद असलेले पेव उघडले की आत लगेच उतरत नसत, कारण कोंडलेल्या वायूने माणूस दगावत असे. आणि पेवातल्या ज्वारीला येणारा आंबूस वास ज्याने घेतला आहे, तो तिची भाकरी डोळे मिटून ओळखेल. 'क्लासेसचे पेव फुटले' असे आपण म्हणतो, त्याचेही मूळ मी या धान्याच्या पेवातच मानतो. कोणाला ते मान्य नसेल तर नसो. मुद्दा असा, की ज्या वस्तूवरून इंग्रजीने शब्द उचलला, ती वस्तू आणि तिचे नाव दोन्ही आपल्याकडे आधीपासून होते.

संगणकात हा शब्द फार उशिरा आला. १९६५ साली ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ मॉरिस विल्क्स यांनी लागणारी माहिती हाताशी ठेवणाऱ्या वेगवान स्मृतीला 'गुलाम स्मृती' म्हटले होते. पुढे आयबीएमच्या सिस्टिम ३६० मालिकेतील ८५ क्रमांकाच्या यंत्रावरील लेख कंपनीच्या नियतकालिकात यायचा होता, तेव्हा 'अतिवेगवान बफर' हे लांबलचक नाव संपादकांना रुचले नाही आणि त्यांनी 'कॅश' सुचवले. तो लेख १९६८ साली छापून आला.

मराठी विकिपीडियाच्या सूचनांत यासाठी 'सय' योजलेले आहे. शब्द गोड आहे, 'स्मृती'चाच प्राकृतातून आलेला अवतार आहे, आणि इथे साफ चुकीचा आहे. सय म्हणजे आठवण, आणि आठवण गेली की काहीतरी कायमचे जाते. कॅशचे तसे नाही. लिनक्समधील निर्देशिकांच्या (फोल्डरांच्या) मांडणीचा नियमच असा आहे की, 'व्हार' निर्देशिकेतील 'कॅश' या भागात ठेवलेली माहिती पुसली तरी काही गमावता कामा नये. कार्यक्रमाला (प्रोग्रामला) ती पुन्हा मिळवता आली पाहिजे. 'सय पुसा' असे लिहिणाऱ्यांनी हा फरक लक्षात घेतलेला दिसत नाही. बाईंनी सूचनांत खुशाल 'पेव' लिहावे. तेवढे धाडस नसेल तर 'कॅश' लिहावे, 'कॅशे' कदापि नाही.

'बसवणे' योग्यच आहे. 'इन्स्टॉल'चा मूळ अर्थ एखाद्याला अधिकाराच्या आसनावर बसवणे असाच आहे, आणि आपण गणपतीपासून मोटारपंपापर्यंत सगळे बसवतोच. 'स्थापित करणे' हे हिंदीच्या वळणाचे ओझे आहे.

'रिमूव्ह' आणि 'पर्ज' यांना मात्र एकच शब्द देऊ नये. डेबियन किंवा उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांवर 'रिमूव्ह' केल्यास कार्यक्रम जातो, पण 'ईटीसी' निर्देशिकेतील त्याच्या मांडणीच्या (कॉन्फिगरेशनच्या) फायली राहतात आणि पॅकेजांची नोंद ठेवणाऱ्या डीपीकेजी या साधनाच्या यादीत त्याच्या नावापुढे 'आरसी' ही अक्षरे दिसतात. तोच कार्यक्रम पुन्हा बसवला की जुनी मांडणी जशीच्या तशी हजर होते, फरदड ठेवलेल्या, म्हणजे वेचणीनंतर न उपटता पुन्हा फुटू दिलेल्या, कपाशीसारखी. 'पर्ज' केल्यास त्या फायलीही जातात. म्हणून पहिल्यासाठी 'काढणे' आणि दुसऱ्यासाठी पऱ्हाटीचे (कपाशीच्या झाडांचे) आपण जे करतो ते, म्हणजे 'उपटणे'. 'समूळ' हे क्रियाविशेषण जोडण्याची गरज नाही, उपटण्यात मूळ येतेच.

सूचनांत आणखी एक वाक्य अवश्य घालावे. प्रयोगशाळेतील बाकीच्या यंत्रांना ३१४२ क्रमांकाच्या पोर्टवरून पॅकेजे घ्यायला सांगणारी प्रॉक्सीची (मध्यस्थ यंत्राच्या पत्त्याची) ओळ त्या त्या यंत्रावर हाताने लिहिलेली असते, आणि मुख्य यंत्रावरचे साधन उपटले तरी ती ओळ जागेवरच राहते. मग ती यंत्रे बंद पडलेल्या पत्त्यावर विचारणा करत राहतात आणि अद्ययावत करण्याची आज्ञा दिली की त्रुटी दाखवतात. ती ओळ प्रत्येक यंत्रावर जाऊन काढावी लागते, आणि तिच्यापुरते क्रियापद 'खोडणे' हेच लिहावे.