दुखापतींमुळे टेनिस सुटलं, आता कोचिंगला जाणं म्हणजे हार मानणं का?

वय १९, गुडघ्याचं दुसरं ऑपरेशन झालेलं आणि क्लबवाले म्हणतायत लहान मुलांची बॅच घे. असं तू लिहिलंयस. मीही याच रस्त्याने आले, म्हणून उत्तर देते. अरे-तुरे करतेय, चालवून घे.

माझी पाठ गेली. सोळाव्या वर्षी किक सर्व्हिस (टप्पा पडल्यावर उंच उसळणारी) घोटत होते. त्यात कंबर मागे वाकते आणि त्याच वेळी पिळलीही जाते. वाढत्या वयात रोज दीड-दोनशे सर्व्हिस मारल्या की मणक्याच्या मागच्या भागात हाडाला बारीक तडा जाऊ शकतो. माझा गेला. सगळे म्हणाले स्नायू आखडलाय, शेक घे. मीही दुखणं लपवलं, कारण स्पर्धा तोंडावर होती (अजून स्वतःचाच राग येतो). तीन महिने पट्टा, मग घाईने कोर्टवर, आणि पुन्हा तिथेच तडा.

कोचिंगला आले ती फिजिओची बिलं भागवायला. पहिलं वर्ष वाईटच गेलं. एखाद्या पोरीने सोपी व्हॉली नेटमध्ये मारली की मी अशी चिडायचे, जसा माझाच मॅच पॉइंट गेला. एकीने येणंच बंद केलं. आईने फोनवर कारण सांगितलं, अभ्यास. तिसरीचा अभ्यास!

शिकवणं वेगळं शिकावं लागतं. लहान मुलांसाठी वेगळे चेंडू असतात: लाल चेंडू नेहमीच्या पिवळ्यापेक्षा ७५ टक्के मंद, नारिंगी ५०, हिरवा २५. दहा वर्षांखालच्या स्पर्धांत २०१२ पासून मंद चेंडूच सक्तीचे आहेत. आपण मात्र डोक्यावरून उसळणाऱ्या पिवळ्या चेंडूवर वाढलो, त्यामुळे लहान मूल कुठे अडतं ते आपल्याला दिसतच नाही.

हार म्हणशील तर ऑस्ट्रेलियाचा डॅरेन केहिल बघ, खेळाडूचा कोच झालेला. १९८८च्या यूएस ओपनमध्ये बेकरला हरवून उपांत्य फेरी गाठली, पुढे गुडघ्यांनी दगा दिला. मग ह्युइट, अगासी, हालेप त्याच्या हाताखाली नंबर एक झाले, नंतर सिनरही. अर्थात तो जगात २२वा होता, आपल्याकडे ज्युनिअरचं रँकिंग. म्हणून मला आपला भारताचा युकी भांबरी जास्त जवळचा वाटतो. २००९ला ऑस्ट्रेलियन ओपनचा ज्युनिअर विजेता, ज्युनिअरमध्ये जगात पहिला. गुडघ्यामुळे दोनेक वर्षं बाहेर बसला आणि परतल्यावर दुहेरीकडे वळला. तेव्हा तुझ्या गुडघ्याला दुहेरी झेपेल का, हे आधी डॉक्टरांना विचार. बॅच कुठे पळून जात नाही.

आणि घेतलीसच, तर सुरुवातीला एखाद्या जुन्या कोचच्या हाताखाली घे. फीडिंगसाठी, म्हणजे मुलांना एकेक चेंडू टाकून द्यायला, चार-पाच तास उभं राहावं लागतं, तेही गुडघ्याला विचारून ठरव.

मी आता प्रत्येक मुलीच्या सर्व्हिस वहीत मोजून लिहिते. परवा एकीचे बाबा जाळीपलीकडून म्हणाले, "मॅडम, पन्नासच?"

हो, पन्नासच.