वाचकांचे प्रश्न: दहावीची धास्ती घेतलेली लेक आणि न समजणारे कोर्स

प्रश्न: ताई, नमस्कार. आम्ही कराडजवळच्या गावात राहतो. माझी मुलगी यंदा दहावीला आहे, स्टेट बोर्ड, मराठी मीडियम. सहामाहीत गणित भाग एकला 40 पैकी 11 पडले आणि तेव्हापासून तिची झोपच उडालीय, रात्री दोनला उठून मोबाइलवर 'दहावी नापास झाल्यावर काय' असलं शोधत बसते. तिचे बाबा म्हणतात सायन्सच घ्यायचं, तिची आत्या म्हणते डिप्लोमा कर, शेजारच्या काकू आयटीआयचं नाव काढलं की नाक मुरडतात. मी स्वतः बारावीपर्यंतच शिकले, मला यातलं काय काय असतं तेच कळत नाही, तर तिला काय समजावू? 'टेन्शन घेऊ नको' म्हटलं की ती आणखीच चिडते.

उत्तर: चिडणारच की हो! टेन्शन घेऊ नको म्हणजे काय करायचं हे कुणालाच माहीत नसतं, मोठ्यांनासुद्धा. आता ती रात्री दोनला जे शोधते तेच तुम्ही तिच्याबरोबर दिवसाउजेडी, चहा पिता पिता शोधा, तेसुद्धा 'नापास झाले तर' इथूनच सुरुवात करून. आपण नेमका तोच विषय टाळतो आणि मग पोरांना वाटतं की पुढे खरंच काही नसणार, म्हणून आई बोलत नाही.

आधी गणिताचं बघू. गणिताचे 40-40 चे दोन पेपर आणि अंतर्गत 20 मिळून 100, त्यात पासिंगला 35 लागतात. म्हणजे एका पेपरात 11 आले म्हणून ती नापास ठरली असं होत नाही, दोन्ही पेपर आणि अंतर्गतची बेरीज बघायची. आणि दुसरी गोष्ट, जी पालकांना माहीत असते पण पोरांना कुणी नीट सांगत नाही: टक्केवारी सहापैकी सगळ्यात चांगल्या पाच विषयांवर काढतात, ते बेस्ट ऑफ फाइव्ह. तिचं गणित सगळ्यात कमी आलं तर ते टक्क्यांत धरलंच जाणार नाही. पास मात्र व्हावंच लागेल. त्यामुळे गणितात 90 आणायचा नाद सोडून फेब्रुवारीपर्यंत जे हमखास येतं तेवढंच घोटायचं आणि उरलेला वेळ भाषा आणि सामाजिक शास्त्रांना (इतिहास-भूगोलाला) द्यायचा. हे तिच्याकडून स्वतःच्या हाताने कागदावर मांडून घ्या, तोंडी सांगून उपयोग नाही. सहा विषय, प्रत्येकापुढे अंदाजे मार्क, सगळ्यात कमी असलेल्यावर काट, उरलेल्या पाचांची बेरीज भागिले पाच. बऱ्याच मुलांचा चेहरा ही बेरीज करताना बदलतो.

आणि समजा गेलाच गणित विषय. एक किंवा दोन विषय राहिले तर एटीकेटीवर, म्हणजे ते विषय नंतर सोडवायच्या अटीवर, अकरावीला प्रवेश मिळतो, आणि पुरवणी परीक्षा त्याच वर्षी पावसाळ्यात होते, पुढच्या मार्चपर्यंत थांबावं लागत नाही. राहिलेले विषय सोडवायचे असतातच, ते काही माफ होत नाहीत, पण 'वर्ष वाया गेलं' हे वाक्य इथे लागू होत नाही. हे तिला अगदी सरळ सांगा.

आता तुमच्या घरातल्या तीन पार्ट्यांचं. आत्या म्हणते तो डिप्लोमा म्हणजे पॉलिटेक्निक, दहावीनंतर तीन वर्षं, पात्रतेला दहावीत 35 टक्के पुरतात (चांगल्या कॉलेजात चांगली ब्रँच हवी तर अर्थातच जास्त लागतात). तो झाला की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, बारावी आणि सीईटी (प्रवेश परीक्षा) न देता. पण एक सांगते, डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला गणित आहेच, आणि चांगलं आहे. जिला गणिताने झोप येईना तिला 'बारावीतून सुटका' म्हणून डिप्लोमाला घालू नका. शेजारच्या काकूंना मात्र सांगा की आयटीआयला (हाताचं काम शिकवणाऱ्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेला) नाक मुरडायचे दिवस गेले, दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियन किंवा फिटर केलेली मुलं पुढे डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जातात, आणि मध्ये अप्रेंटिसशिप केली तर स्टायपेंडही मिळतो.

बाबांचं सायन्स. इथे जरा थांबा, कारण माझ्या मते खरी काळजी करायची जागा दहावीचा निकाल नाही, अकरावीचा फॉर्म आहे. दहावीत कमी पडले तर रस्ते थोडे लांबतात, पण अकरावीत घेतलेल्या विषयांवर पुढचं बरंच ठरतं. सायन्सला गणित सोडून बायोलॉजी ठेवता येतं आणि त्यावर नर्सिंग, फार्मसी, नीटवाले (म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा देऊन मिळणारे) सगळे कोर्स होतात, फक्त मग इंजिनिअरिंगचं नाव घ्यायचं नाही. कॉमर्सलाही गणित ऐच्छिक असतं. आर्ट्समधून लॉ, नंतर बीएड, स्पर्धा परीक्षा, आणि जीएनएम नर्सिंगसुद्धा (नर्सिंगचा डिप्लोमा) होतं, त्याला कुठल्याही शाखेची बारावी चालते. सायन्सवरून नंतर आर्ट्स-कॉमर्सकडे वळता येतं पण आर्ट्सवरून सायन्सकडे येणं फार अवघड. म्हणून 'सायन्सच' म्हणण्यात बाबा अगदीच चूक नाहीत, पण पोरीला दोन वर्षं झेपणारच नसेल तर त्या उघड्या रस्त्यांचा उपयोग काय?

आणखी एक, 2025 पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झालेत, आधी ते मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांपुरतेच होते, त्यामुळे तुमच्याकडच्या मोठ्या भावंडांचा अनुभव इथे कामी येणार नाही. पसंतीक्रम भरताना पहिल्या नंबरला जे कॉलेज टाकाल ते लागलं तर घ्यावंच लागतं, नाहीतर पुढच्या नेहमीच्या फेऱ्यांतून बाहेर. एसटीने रोज जायला जमेल का, हे फॉर्म भरायच्या आधी बघा.

एका शनिवारी तिला घेऊन कराडच्या सरकारी पॉलिटेक्निकला आणि एका आयटीआयला जाऊन या, तिथे शिकणाऱ्या दोन-तीन मुलींशी तिला एकटीला बोलू द्या, तुम्ही बाहेर थांबा. गेटवरच्या फ्लेक्सवरचे 95 टक्केवाले फोटो बघून पोरांना वाटतं की जगात तेवढीच मुलं असतात. आतल्या मुली सांगतील की त्या 62 वाल्या आहेत आणि मजेत आहेत.

झोपेचं मात्र हलकं घेऊ नका. दोन-तीन आठवडे नीट झोप नाही, जेवण तुटलं, पेपरच्या दिवशी पोट दुखतं, 'माझा काही उपयोग नाही' असं बोलते, यातलं काहीही असेल तर तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा आणि 14416 ला फोन करा. ती सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. ती स्वतःही करू शकते, नंबर तिच्या मोबाइलमध्ये सेव्ह करून द्या.

प्रश्न: मी बारावी सायन्सला आहे, पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी). मला डॉक्टर नाही व्हायचं, इतिहास वाचायला आवडतो. आता सायन्स घेतल्याचं सगळं वाया गेलं का?

उत्तर: नाही रे. सायन्सच्या बारावीवर बीएला इतिहास घेऊन प्रवेश मिळतो, पाच वर्षांच्या लॉलाही, त्यासाठी एमएच सीईटी लॉ द्यावी लागते, फॉर्मच्या तारखेवर लक्ष ठेव. तेवढी बारावी मात्र बऱ्या मार्कांनी पास हो, आणि नीटचे क्लास घरच्यांनी भरले असतील तर त्यांच्याशी आत्ताच बोल, रिझल्ट लागल्यावर नाही.