पंखा फिरतो, लाईट लागते पण मॉनिटरवर नो सिग्नल. मदरबोर्ड खरंच गेला असेल का?

तुम्ही लिहिलंय की मखरासाठी हॉलमधलं टेबल हलवलं, कॉम्प्युटर बारा दिवस मागच्या खोलीत फरशीवर पडून होता, विसर्जनानंतर परत जोडला तर बटण दाबल्यावर पंखा फिरतो, पुढची लाईट लागते पण स्क्रीन काळीच. आणि दुकानदाराने डबा न बघता फोनवरच सांगितलं, मदरबोर्ड गेला, सेकंडहँड टाकून साडेतीन हजार. मशीन २०१३ चं, थर्ड जनरेशन आय-थ्री, चार जीबी रॅम.

मी काही इंजिनियर वगैरे नाही. रत्नागिरीत वाढलो आणि घरातला असेंबल्ड डबा कॉलेजपासून मीच खोलतोय नि लावतोय, एवढंच. पण बोर्ड गेला हे सगळं तपासून झाल्यावर शेवटी म्हणायचं वाक्य आहे हो, फोनवर म्हणायचं नाही. थांबा जरा, पैसे देऊ नका.

आधी काहीही न खोलता एक करा. चालू करून दोन-तीन मिनिटं द्या आणि मग कीबोर्डवरचं कॅप्सलॉक दाबा. त्याची बारकी लाईट लागत-विझत असेल तर मशीन आतून चालू झालंय, फक्त चित्र मॉनिटरपर्यंत पोचत नाहीये, मग बोर्डाचा विषयच संपला. ग्राफिक कार्ड आहे का ते तुम्ही लिहिलं नाहीत पण असेल तर मागे बघा, मॉनिटरची केबल लावायला दोन जागा दिसतील, एक वर यूएसबीच्या शेजारी आणि एक खाली आडव्या पट्टीत. कार्ड असलं की बहुतेक बोर्ड वरची जागा बंद ठेवतात, आणि टेबल हलवून परत जोडताना माणूस हमखास वरच्याच जागेत खुपसतो. हसू नका, माझ्या मावशीकडे मी याच कामासाठी एस्टीने दीड तास जाऊन आलोय. केबल निळ्या तोंडाची असेल तर तिची एखादी पिन वाकली नाहीये ना तेही बघा.

केबल बरोबर आणि कॅप्सलॉकही ढिम्म असेल तर मग रॅम, म्हणजे बोर्डावर उभी खोचलेली मेमरीची पट्टी. माझा पहिला संशय तिच्यावरच, कारण तुमचा डबा भर भाद्रपदात बारा दिवस बंद आणि फरशीवर. रोज चालू असलेलं मशीन स्वतःच्या उबेने कोरडं राहतं, बंद पडलेल्याला ती उब नाही, दमट हवा आत शिरते आणि रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर पातळ थर धरतो. डोळ्याला दिसेलच असं नाही. वर हलवाहलवीत ती किंचित उचललीही गेली असेल.

मागची वायर काढा, नुसतं बटण बंद करून चालणार नाही, काढाच. मग पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून ठेवा म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. बाजूचा पत्रा काढा, कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावा (अंगातला स्टॅटिक, म्हणजे साठलेली वीज, उतरतो) आणि रॅमच्या टोकाचे पांढरे खटके बाहेरच्या बाजूला दाबा, पट्टी आपोआप वर येते. आता पोरांच्या कंपासपेटीतला साधा पांढरा खोडरबर घ्या. शाई खोडायची निळी खरबरीत बाजू असते ती अजिबात नको, तिने सोन्याचा मुलामाच जाईल. पट्टी टेबलावर आडवी धरून सोनेरी दातांवरून रबर हलक्या हाताने बाहेरच्या दिशेने फिरवायचा, दोन्ही बाजूंनी, रबर काळपट झालेला दिसला की समजा मळ होता. चुरा फुंकू नका, तोंडातली वाफ जाते, कोरड्या ब्रशने झटका. मग नुसत्या ब्रशने पट्टी बसते तो बोर्डावरचा स्लॉट साफ करा आणि पट्टीची खाच बघून दोन्ही टोकांवर अंगठ्याने दाबा, खट्ट असा आवाज येऊन खटके आपले आपण मिटले पाहिजेत. नवखी माणसं इथेच भितात आणि अर्धवट बसवतात. चांगला जोर लागतो, लावा. दोन पट्ट्या असतील तर एकच लावा, एका स्लॉटमध्ये नाही चाललं तर दुसऱ्यात, मग दुसरी पट्टी. तज्ज्ञ लोक रबर वापरू नका म्हणतात, आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या म्हणतात, बरोबर आहे त्यांचं, पण ते रात्री दहाला वाण्याकडे मिळत नाही.

तरी काळंच? मग रॅम पूर्ण काढा, एकही पट्टी नको, आणि मशीन चालू करा. वेडेपणा वाटेल पण दुकानदाराला उत्तर इथूनच मिळणार आहे. बोर्डाला छोटा स्पीकर जोडलेला असेल तर ते बीप बीप करून ओरडायला लागतं, माझी रॅम कुठंय म्हणून. ओरडलं म्हणजे बोर्ड जिवंत, प्रोसेसर जिवंत, कारण ओरडायला हे दोघं लागतातच. मग दोष रॅमचा नाहीतर तिच्या स्लॉटचा. बऱ्याच कॅबिनेटमध्ये हा स्पीकर नसतोच, पण दोन-तीन वडापावच्या पैशात सुटा मिळतो, बोर्डावर एसपीके किंवा स्पीकर लिहिलेल्या पिना असतात तिथे लावायचा. रॅम लावल्यावर एकच छोटा बीप येऊन गप्प झालं तर बहुतेक बोर्डांच्या भाषेत सगळं ठीक असा अर्थ, परत मॉनिटरकडे वळा.

रॅम काढूनही मुकं असेल तर प्रोसेसरच्या जवळ चार पिनांचा छोटा चौकोनी कनेक्टर शोधा, पिवळ्या-काळ्या वायरींचा, काही बोर्डांवर आठ पिनांचा असतो. ही प्रोसेसरची वेगळी वीज. निघाला असेल तर अगदी तुमच्यासारखंच होतं, पंखे फिरतात, लाईट लागते आणि पुढे काही नाही. हे मला कसं माहीत, तर एकदा दिवाळीच्या साफसफाईत मी आतली धूळ काढली, सगळं परत जोडलं, हाच एक राहिला, आणि अख्खा रविवार रॅम घासत बसलो, सोमवारी नवीन एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) घेऊन आलो आणि ते लावताना हा कनेक्टर हातात आला. अठराशे रुपये गेले. जुनं एसएमपीएस अजून माळ्यावर आहे, चांगलं चालतं.

एसएमपीएसवरून आठवलं, पंखा फिरतोय म्हणजे ते ठीकच आहे असं नसतं. मल्टीमीटर असेल तर चालू असताना हार्डडिस्कसाठीच्या चार पिनांच्या मोकळ्या कनेक्टरवर काळी आणि पिवळी वायर मोजा, ११.४ ते १२.६ व्होल्टच्या मध्ये हवं, काळी आणि लाल ४.७५ ते ५.२५. मल्टीमीटर नसेल तर कुणाचं तरी चांगलं चालणारं एसएमपीएस लावून बघा. एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका, आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणारा भाग) सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास असतात आणि वायर काढल्यावरही काही वेळ राहतात.

बोर्डावरची रुपयाच्या नाण्यासारखी बॅटरी, सीआर २०३२, तीसुद्धा दहा वर्षांत मेलेली असणार. वायर काढलेली असताना ती पाच मिनिटं बाहेर ठेवून नवीन टाका, कधीकधी एवढ्यानेही डिस्प्ले येतो. पण यात एक गोम आहे. बायोसच्या (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम) सेटिंग पुसल्या जातात, तारीख मागे जाते, आणि साटाचा, म्हणजे हार्डडिस्कच्या जोडणीचा, मोड एएचसीआयचा आयडीई झाला (डिस्कशी बोलायच्या या दोन पद्धती) तर विंडोज निळी स्क्रीन दाखवून परत परत रिस्टार्ट होतं. घाबरून फॉरमॅट मारू नका, बायोसमध्ये जाऊन तो मोड पूर्वीसारखा करा आणि तारीख लावा.

हे सगळं करूनही मुकं राहिलं, आणि प्रोसेसरभोवतीचे उभे गोल कपॅसिटर डोक्यावर फुगलेले किंवा तपकिरी गळलेले दिसले, तर हो, बोर्ड गेला, दुकानदाराला तुक्का लागला म्हणायचं. तेव्हासुद्धा सेकंडहँड एच-६१ (त्या काळच्या बोर्डांची एक जात) बोर्ड टाकायला माझी हरकत नाही, तुमचा प्रोसेसर आणि रॅम त्यावर चालतील, बायोस मात्र थर्ड जनरेशन घेणारं आहे ना ते घेण्याआधी विचारा आणि दुकानातच चालू करून बघा.

आणि काहीही झालं तरी डबा दुकानात नेण्याआधी हार्डडिस्क काढून घरी ठेवा. दोन केबली आणि चार स्क्रू, बस. बोर्ड तपासायला ती लागत नाही, आणि बायकोच्या डोहाळजेवणाचे फोटो त्यातच आहेत असं तुम्हीच लिहिलंय.

आज रात्री रॅम काढून बघा आणि बीप आला की नाही, आला तर लांब की छोटे, किती वेळा, आणि बोर्डावर मोठ्या अक्षरात मॉडेल काय लिहिलंय ते खाली टाका, मग पुढचं बघू.