शेजारचं क्रियापद

प्रिय मुली,

तुझं भाषांतर वाचलं. 'शेअर पाच वर्षांनी मुदतबाह्य होतात' या ओळीशेजारी तू पेन्सिलीनं बारीक प्रश्नचिन्ह काढलं आहेस. शंका आली होती ना? मग पुढे का गेलीस?

स्पॅनिशमध्ये 'आक्थिओन' म्हणजे शेअर आणि 'आक्थिओन' म्हणजे कोर्टातला दावाही. शब्दकोशात दोन्ही अर्थ होते, तू पहिला उचललास. अगं, शेजारचं क्रियापद बघ! 'एमितिर', 'सुस्क्रिबिर' असेल तर शेअर. कंपनी ते काढते, गुंतवणूकदार घेतो. 'एखेर्थितार', म्हणजे हक्क बजावणं, असेल तर दावा. आणि तुझ्या ओळीत होतं 'प्रेस्क्रिबिर', म्हणजे मुदत संपणं. ती ओळ म्हणजे स्पेनच्या दिवाणी संहितेचं कलम 1964. वेगळी मुदत न सांगितलेले वैयक्तिक दावे 5 वर्षांत मुदतबाह्य होतात (2015 पर्यंत 15 वर्षं होती), गहाणाचे 20 वर्षांत. शेअर त्यात आला कुठून?

रागावतोय, कारण ही चूक मी याहून महागात केली आहे. एका गृहस्थांच्या कागदात 'आक्थिओन सोसिआल दे रेस्पोन्साबिलिदाद' होतं. मी लिहिलं, 'सामाजिक जबाबदारीचा उपक्रम'. खरं तर तो कंपनीचं नुकसान करणाऱ्या संचालकांवरचा भरपाईचा दावा. कंपनी गप्प बसली तर 5 टक्के शेअर असलेले भागधारकही तो लावू शकतात, आणि त्यांच्याकडे तेवढे शेअर होते. देणगीबिणगीचं काहीतरी असेल म्हणून त्यांनी ते पान बाजूला ठेवलं. अशा दाव्याची मुदत 4 वर्षं. चूक माझ्या ध्यानात आली तोवर ती उलटली होती. त्या वाक्यातही 'एखेर्थितार' होतं. मी पाहिलंच नाही.

तेव्हापासून आधी क्रियापदाखाली रेघ, मग भाषांतर. लोक मला संथ म्हणतात. म्हणू देत. चार पानं कमी होतील, पण कुणाचा हक्क माझ्या हातून बुडणार नाही.

आणि हे दोन अर्थ एकमेकांना परके नाहीत. ॲम्स्टरडॅमच्या शेअरबाजारावर 1688 मध्ये स्पॅनिशमध्ये पुस्तक निघालं, त्यातही शेअरला हाच शब्द आहे. शेअर म्हणजे तरी काय, कंपनीच्या नफ्यावरचा हक्कच ना? आपल्या 'समभाग' शब्दात हे दिसत नाही, म्हणून तू अडकलीस. त्यात तुझा दोष नाही. न थांबण्यात आहे.

उरलेली पानं परत पाठवतोय. मी कुठेही खूण केलेली नाही. क्रियापदांखाली तू रेघा मार आणि आधी तेवढंच मला दाखव.

तुझा,
सर