सर्जवाला मल्टीप्लग: वाचकांचे प्रश्न, वायरमनची उत्तरं

वळवाचे ढग सिंहगडाच्या बाजूने चढायला लागले की या सदराकडे येणारी पत्रं बदलतात, पंखा-गीझर मागे पडतो आणि टीव्ही, राउटर, लॅपटॉपचा चार्जर असं सगळं जळाल्याची चौकशी सुरू होते. यावेळी बऱ्याच जणांनी भिंतीवर थेट बसणाऱ्या सर्जवाल्या, म्हणजे व्होल्टेज क्षणभर उसळलं तर मागची उपकरणं वाचवणाऱ्या मल्टीप्लगबद्दल विचारलंय, म्हणून हा अख्खा अंक त्यालाच दिला.

प्रश्न: मुलगा अमेरिकेहून येताना तिकडचा सहा सॉकेटचा भिंतीवर बसणारा एक्स्टेंडर घेऊन आला. सर्ज प्रोटेक्शन आहे, दोन यूएसबी आहेत, रात्री मंद दिवा लागतो. मागे १२५ व्होल्ट, १५ अँपिअर लिहिलंय. कन्व्हर्टर पिन लावून टीव्हीमागे वापरला तर चालेल का? त्याने एवढ्या प्रेमाने आणलाय. (निवृत्त शिक्षिका, कोथरूड)

उत्तर: ताई, अजिबात नका लावू. मुलगा परत जाईल तेव्हा त्याच्याच बॅगेत घालून द्या, वस्तू चांगलीच असणार पण ती तिकडच्या विजेसाठी बनवलेली आहे.

आत काय असतं ते सांगतो म्हणजे पटेल. सर्जवाल्या प्लगच्या पोटात झिंक ऑक्साइडची नाण्याएवढी चकती असते, तिला एमओव्ही म्हणतात. नेहमीच्या व्होल्टेजला ती गप्प बसते, जणू नाहीच, आणि व्होल्टेज ठरावीक मर्यादेच्या वर उसळलं की क्षणाच्याही छोट्या भागात ती वाट मोकळी करते आणि तो लोट स्वतःवर घेते, पुढच्या टीव्हीपर्यंत जाऊ देत नाही. आता ही मर्यादा कुठे ठेवायची ते त्या देशातल्या व्होल्टेजवरून ठरतं. अमेरिकेत घरात १२० व्होल्ट, म्हणून तिकडच्या चकत्या साधारण १३० ते १५० व्होल्टच्या असतात. आपल्याकडे २३०. म्हणजे तुम्ही तो एक्स्टेंडर लावला की त्या चकतीच्या हिशेबाने सर्ज आला, आणि तो संपतच नाही, मग ती तापत जाते, आतला फ्यूज वेळेवर उडाला तर नशीब, नाहीतर चकती फुटते, धूर होतो, प्लास्टिक वितळतं, आणि हे सगळं टीव्हीच्या मागे, पडद्याजवळ.

कन्व्हर्टर पिनने यातलं काहीच बदलत नाही, ती फक्त पिनांचा आकार बदलते, व्होल्टेज तेच राहतं. शिवाय बाजारातल्या बऱ्याच कन्व्हर्टरमध्ये अर्थिंगचा पाय नुसता नावाला असतो. मोबाईलच्या चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं म्हणून तो दोन्हीकडे चालतो, त्यावरून लोकांना वाटतं परदेशातलं सगळंच इथे चालतं, तसं नाही. मागचा आकडा वाचायचा, १२५ असेल तर इथल्या भिंतीला लावायचा नाही, एवढं पक्कं धरा.

मग इथे कुठला घ्यायचा? बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेलात तर एकाच दुकानात वीस प्रकार दाखवतील. मी स्वतः घेताना आधी आयएसआयचा शिक्का आणि आयएस १२९३ हा नंबर बघतो, तो आपल्याकडच्या प्लग-सॉकेटचा मानक आहे. मग २४० किंवा २५० व्होल्ट लिहिलंय ना ते, आणि सर्जचा आकडा ज्यूलमध्ये, म्हणजे तो किती ऊर्जा गिळू शकतो त्या मापात, दिलाय का ते. आकडाच दिलेला नसेल आणि नुसतं सर्ज प्रोटेक्टेड असं मोठ्या अक्षरात छापलं असेल तर मी ठेवून देतो. अजून एक, ज्यात जगातली कुठलीही पिन बसते असं युनिव्हर्सल सॉकेट असतं ना, ते शक्यतो टाळा. सगळ्या आकारांना जागा द्यायची म्हणून त्याची आतली पकड कुठल्याच पिनेला घट्ट बसत नाही, मग बारीक ठिणग्या पडतात, पिन काळी होते. आपल्या गोल पायांच्या थ्री पिनसाठी बनवलेलं सॉकेट हाताला घट्ट लागतं, पिन काढताना थोडा जोर लावावा लागतो, तेच हवंय.

आणि भिंतीवर थेट बसणारा घेतलात तर त्याचं वजन बघा. आपल्याकडे तो तीन पिनांवर नुसता लटकतो, त्यात दोन जड अडॅप्टर लावले की पुढे झुकतो आणि मागचं सॉकेट सैल होत जातं. टीव्हीमागे, जिथे कुणाचा हात लागत नाही, तिथे ठीक आहे. बाकी ठिकाणी मी वायरवाला, प्रत्येक सॉकेटला वेगळं बटण असलेला बोर्डच देतो.

प्रश्न: आमचं घर सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यात आहे. सॉकेटला तीन भोकं आहेत पण वायरमन म्हणाला अर्थिंग आलेलंच नाही. सर्ज प्रोटेक्टर घेतलाय, त्यावर अर्थचा दिवा लागत नाही. पैसे वाया गेले का? (गृहिणी, सदाशिव पेठ)

उत्तर: पूर्ण वाया नाही गेले, पण अर्धं काम होतंय असं समजा. चांगल्या प्रोटेक्टरमध्ये चकत्या तीन ठिकाणी असतात, फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये एक, फेज आणि अर्थच्या मध्ये एक, न्यूट्रल आणि अर्थच्या मध्ये एक. पहिली अर्थिंगशिवायही चालते. बाकीच्या दोघींना लोट सोडायला जमीनच नाही, त्या नुसत्या बसून आहेत. त्यातून तुमचा फ्रिज, वॉशिंग मशीन, गीझर यांच्या पत्र्याला उद्या करंट आला तर तो जायला वाट नाही, आणि ती काळजी मला सर्जपेक्षा फार मोठी वाटते.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. अर्थिंग नाही म्हटल्यावर काही जण सॉकेटमध्येच न्यूट्रलची छोटी वायर अर्थच्या भोकाला जोडून देतात, मग दिवा लागतो, गिऱ्हाईक खूश. हे जीवघेणं आहे. जुन्या वाड्यात न्यूट्रलची वायर कुठेतरी जळाली किंवा निसटली की तुमच्या फ्रिजच्या अंगावर सरळ २३० व्होल्ट येतात, कुणी दार उघडायला हात लावला की संपलं. तुमच्या घरात कुणी असं केलंय का ते आधी तपासून घ्या. तसंच नळाच्या पाइपला वायर गुंडाळणं, पूर्वी लोखंडी पाइप जमिनीत जायचे तेव्हा लोक करायचे, आता मध्ये कुठेतरी प्लॅस्टिकचा पाइप जोडलेला असतो, म्हणजे ती वायर कुठेच पोचत नाही आणि नळाला हात लावणाऱ्याला मात्र धोका.

खरा उपाय म्हणजे वाड्याच्या आवारात मोकळी जमीन बघून नवीन अर्थिंगचा खड्डा करून घ्यायचा, तिथून मीटरच्या बोर्डापर्यंत आणि पुढे प्रत्येक सॉकेटला हिरवी वायर ओढायची, आणि बोर्डावर आरसीसीबी, म्हणजे करंट कुठे गळायला लागला की लगेच लाइन तोडणारा स्विच, बसवायचा. सगळ्या भाडेकरूंनी मिळून केलं तर एकावर भार येत नाही. काम झालं की वायरमनला मीटरने समोर मोजून दाखवायला सांगा, फेज आणि अर्थमध्ये साधारण २३० आलं पाहिजे आणि न्यूट्रल-अर्थमध्ये एक-दोन व्होल्टच्या आसपास. स्वतः दिवा लावून बघायचा प्रयोग करू नका.

प्रश्न: वर्क फ्रॉम होमच्या टेबलाला सर्जवाला बोर्ड आहे, चार वर्षं झाली, हिरवा दिवा बंद झालाय पण लॅपटॉप, मॉनिटर सगळं चालू आहे. बदलायची गरज आहे का? आणि ज्यूल किती असावेत? (आयटीत नोकरी, वाकड)

उत्तर: बदला. त्या बोर्डावर सर्ज किंवा प्रोटेक्टेड असं ज्या दिव्याशेजारी लिहिलंय तो विझला म्हणजे चकती संपली. वीज येत राहते म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, पण आता तो साधा एक्स्टेंशन बोर्ड आहे. एमओव्ही प्रत्येक धक्क्याला थोडी थोडी झिजते, मोठा धक्का एकदाच पुरतो, लहान लहान धक्के वर्षानुवर्षं खातात. ज्यूल म्हणजे ती एकूण किती ऊर्जा गिळू शकते त्याचा अंदाज, टीव्ही-कॉम्प्युटरसाठी ६०० च्या वरचा घ्या, १००० मिळाला तर उत्तम. दिवा शाबूत असला तरी मी पाच वर्षांनी बदलायला सांगतो, कारण स्वस्त बोर्डात तो दिवा चकतीला नाही, नुसता लाइनला जोडलेला असतो.

तुमच्याकडे लोट आत शिरायचा अजून एक मार्ग तपासायला हवा. बऱ्याच सोसायट्यांमध्ये इंटरनेटची फायबर गच्चीवरच्या डब्यापर्यंत येते आणि तिथून फ्लॅटपर्यंत तांब्याची लॅन केबल. जवळपास वीज पडली की लोट त्या केबलमधून राउटरमध्ये आणि राउटरमधून कॉम्प्युटरमध्ये शिरतो, तुमचा सर्जवाला बोर्ड भिंतीच्या बाजूने कितीही चांगला असला तरी. फायबर थेट घरात येत असेल तर ही भीती नाही, काचेतून वीज जात नाही. लॅन केबल असेल तर ढग गडगडायला लागले की ती काढायची, एवढंच.

प्रश्न: किचनच्या एका सॉकेटला सहावाला मल्टीप्लग लावलाय, मिक्सर, एअर फ्रायर, इंडक्शन सगळं त्यावर. परवा जळका वास आला, प्लग गरम लागला. सर्ज प्रोटेक्शन असून असं का? (हडपसर)

उत्तर: आजच काढा तो. सर्ज प्रोटेक्शनचा आणि लोडचा काही संबंध नाही, सर्ज म्हणजे क्षणभर उसळलेलं व्होल्टेज आणि लोड म्हणजे तुम्ही सतत ओढताय तो करंट. सॉकेट सहा झाले तरी मागे भिंतीतली वायर एकच आहे. छोटं सॉकेट ६ अँपिअरचं, म्हणजे २३० ने गुणलं की १३८० वॉट, तेवढीच त्याची ताकद. इंडक्शन एकटं २००० वॉटचं असतं, एअर फ्रायर साधारण १५००, मिक्सर ७५०, तुम्हीच बेरीज करा. इंडक्शन आणि एअर फ्रायरला वेगळं मोठ्या पिनेचं १६ अँपिअरचं सॉकेट हवं, एकाला एक, आणि ते बोर्डावरच्या एमसीबीपासून (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) जाड वायरने आलेलं. जे सॉकेट तापलं ते पण बदलून घ्या, आतली पितळी पट्टी एकदा तापून सैल झाली की पुन्हा पकडत नाही. आणि मल्टीप्लगमध्ये दुसरा मल्टीप्लग लावायचा नाही, कधीच नाही.

प्रश्न: आमच्या मजल्यावर तीन घरांतले टीव्ही एकाच संध्याकाळी गेले. दोघांकडे सर्ज प्रोटेक्टर होते. मग उपयोग काय त्यांचा? पाऊसही नव्हता. (सिंहगड रस्ता)

उत्तर: पाऊस नव्हता म्हणताय म्हणजे बहुतेक न्यूट्रल गेला असणार. आमच्या बिल्डिंगमध्ये हे झालंय, मीटरच्या खोलीतल्या पॅनलमध्ये न्यूट्रलचा बोल्ट सैल होता, एका रात्री तो सुटला आणि माझा स्वतःचा टीव्ही, राउटर आणि शेजाऱ्यांचं वॉशिंग मशीन गेलं. मी याच धंद्यातला, तरी वेळेवर तपासलं नव्हतं, त्याचं अजून वाईट वाटतं.

होतं काय, की बिल्डिंगला तीन फेज येतात आणि कुठल्याही दोन फेजमध्ये साधारण ४०० व्होल्ट असतात. प्रत्येक घराला एक फेज आणि सगळ्यांचा सामायिक न्यूट्रल, त्या न्यूट्रलमुळे तुम्हाला २३० मिळतात. तो तुटला की दोन फेजवरची घरं एकमेकांना जोडल्यासारखी होतात, ज्या घरात एसी-गीझर चालू आहे तिथे व्होल्टेज पडतं आणि ज्या घरात फक्त टीव्ही आणि दोन दिवे आहेत तिथे ३००, ३५० पर्यंत चढतं. आपली चकती क्षणभराच्या लोटासाठी बनवलेली, आपल्याकडच्या चकत्या साधारण २७५ व्होल्टच्या असतात, त्यांच्यावर ३५० मिनिटभर बसले की त्या जळणार आणि मागचा टीव्हीही जाणार. प्रोटेक्टर खोटा नव्हता, ते त्याचं काम नव्हतं.

याला मेन बोर्डावर ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर लागतो, व्होल्टेज हद्दीबाहेर गेलं की तो अख्ख्या घराची लाइन तोडतो आणि ठीक झालं की थोड्या वेळाने परत जोडतो. त्याच्या शेजारी मेन बोर्डावरच बसणारा टाइप २ चा एसपीडी, म्हणजे अख्ख्या घरासाठीचा मोठा सर्ज प्रोटेक्टर, बसवला की मोठा लोट आधी तिथेच अडतो आणि तुमच्या टीव्हीमागच्या मल्टीप्लगला उरलेला किरकोळ भाग सांभाळावा लागतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढा, वर्षातून एकदा पॅनलचे सगळे बोल्ट आवळून घ्यायचं काम पावसाआधी करून घ्या.

आणि घरात सगळ्यांना, मुलांना आणि आजी-आजोबांना पण, एक खूण शिकवून ठेवा. काही दिवे अचानक डोळे दिपवतील इतके प्रखर झाले, किंवा तुमचे प्रखर आणि समोरच्या घरातले मिणमिणते झाले, पंखा जोरात फिरायला लागला, तर फोन शोधत बसू नका, आधी मेन स्विच पाडा, मग शेजारच्यांची बेल न वाजवता दार ठोकून त्यांनाही पाडायला सांगा.

प्रश्न: विजा चमकत असताना सर्ज प्रोटेक्टर असेल तर पिना काढायची गरज आहे का? (विद्यार्थी, कर्वेनगर)

उत्तर: आहे. जवळच पडलेल्या विजेपुढे कुठलाच मल्टीप्लग टिकत नाही, आणि बटण बंद करून भागत नाही, स्विचच्या आतली फट फार छोटी असते, पिन बाहेरच काढायची. पण वीज डोक्यावर कडाडायला लागल्यावर पिना उपसत बसायचं नाही, आधी काढून ठेवायच्या. आपल्या पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने दामिनी नावाचं ॲप बनवलंय, २० आणि ४० किलोमीटरच्या परिसरात विजा पडतायत का ते फोनवर दाखवतं, एप्रिल-मे मध्ये दुपारनंतर ते बघत जा, ४० च्या वर्तुळात दिसायला लागलं की राउटर, टीव्ही आणि लॅपटॉपच्या पिना काढून ठेवायला भरपूर वेळ मिळतो.