बाळ चार महिन्यांचे आहे. अंगावरचे दूध पुरत नाही असे वाटल्यास वरचे दूध सुरू करावे का?

तुमचे बाळ संध्याकाळी सारखे रडते, दर अर्ध्या तासाने अंगावर प्यायला मागते, आणि दूध पुरत नसल्याने आता गाईचे दूध व डाळीचे पाणी सुरू करावे असे सासूबाईंचे म्हणणे आहे, असे तुम्ही लिहिले आहे. बाळाचे वजन नीट वाढत असेल तर यांपैकी कशाचीही गरज नाही. मी डॉक्टर नाही; पुण्यात दोन मुले वाढवलेली आई आहे, आणि याच शंकेपायी थोरल्याचे अंगावरचे दूध मी तिसऱ्या महिन्यातच तोडून बसले.

प्रसूतीनंतर घरी निघताना रुग्णालयातून आम्हाला दूध पावडरचा डबा फुकट मिळाला होता. असे नमुने वाटण्यास 1992च्या कायद्याने बंदी आहे, हे मला फार उशिरा कळले. एका संध्याकाळी रडणे ऐकवेना म्हणून तो डबा उघडला. बाटली पिऊन बाळ गाढ झोपले आणि ते उपाशीच होते असा सर्वांनी निष्कर्ष काढला. प्रत्यक्षात बाळ जितके ओढते तितके दूध तयार होते, आणि ते साचून राहिले की निर्मिती मंदावते. त्यामुळे एका बाटलीमागून दुसरी आली आणि दूध खरोखरच आटत गेले.

धाकटीच्या वेळी बालरोगतज्ज्ञ बाईंनी मला रडणे न मोजता लंगोट मोजायला सांगितले. चोवीस तासांत सहा किंवा अधिक लंगोट ओले होत असतील, शूचा रंग फिका असेल, आणि माता व बाल संरक्षण कार्डावरील वजनाची रेघ वर चढत असेल, तर दूध पुरते आहे. संध्याकाळी पुन्हा पुन्हा पिणे ही या वयातील अनेक बाळांची रीत आहे. वजन मात्र अडले असेल, तर थांबू नका. बाळ स्तन नीट तोंडात धरते का, हे डॉक्टरांना प्रत्यक्ष पाहू द्या. त्यांनी वरचे दूध सुचवले तर ते देण्यात कसलाही कमीपणा नाही. फक्त पावडर डब्यावरील प्रमाणातच मिसळावी, जास्त दिवस पुरावी म्हणून पातळ करू नये.

डाळीच्या पाण्याने पोट भरते, पोषण फारसे होत नाही, आणि त्या वेळचे पाजणे चुकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे. वैशाखाच्या उन्हाळ्यातही वेगळे पाणी लागत नाही. गाईच्या दुधात लोह अत्यल्प असल्याने पहिल्या वर्षात ते मुख्य आहार म्हणून नको. मध तर वर्षाच्या आत बोटावर चाटवण्यापुरताही देऊ नये, कारण त्यातील जीवाणूंमुळे तान्ह्या बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते.

सहा महिन्यांनंतर मात्र उशीर करू नका, कारण जन्मतः साठलेले लोह तोवर संपत आलेले असते. उष्टावणानंतर तूप घातलेला मऊ वरणभात, नाचणीची खीर, कुस्करलेले केळे आणि तुम्ही खात असाल तर अंडेही द्यावे. घास चमच्यावरून ओघळणार नाही इतका दाट असावा. अंगावरचे दूध याबरोबरच दोन वर्षांपर्यंत किंवा पुढेही चालू राहू शकते.

कामावर परतायचे असेल तर दूध काढून ठेवता येते. साधारण तापमानाला ते चार तास टिकते, पुण्यातल्या उन्हाळ्यात मात्र लगेच फ्रिजमध्ये ठेवावे. बाटलीऐवजी वाटी-चमच्याने किंवा आपल्या जुन्या बोंडल्याने पाजावे, मात्र ही भांडी प्रत्येक वेळी पाण्यात उकळून घ्यावीत.

सासूबाईंशी वाद घालू नका. माझ्याही सासूबाईंचे म्हणणे हेच होते. कार्डावरची वजनाची रेघ मी त्यांना दाखवली, तेव्हा त्यांनी ती दोनदा नीट पाहिली, आणि दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी पाजून झाल्यावर धाकटीला खांद्यावर घेऊन ढेकर काढण्याचे काम स्वतःकडे घेतले. त्या अर्ध्या तासात मला अळिवाची खीर गरम असताना खाता येत असे.